७२ तासांतले ३५ गेले. आधी एचआयव्हीची टेस्ट की आधी गोळी? (गुहागर–चिपळूण)

नवीन_आयडी_आहे | रविवार, सकाळी १०.४०

इथला जुना सभासद आहे. हा आयडी फक्त या धाग्यापुरता काढलाय, प्रशासकांना तसं कळवलंय. कृपया उडवू नका.

शुक्रवारी रात्री अकराच्या सुमाराला संबंध आले. कंडोम होता, पण फाटला, आणि ते नंतर लक्षात आलं. समोरचा माणूस ओळखीचा आहे, पण त्याला काही आहे-नाही ते मला ठाऊक नाही. हो, 'तो'च. आणि ज्या बाजूला धोका जास्त असतो म्हणतात त्या बाजूला मी होतो. एवढं उघड लिहितोय कारण मोघम लिहिलं की उत्तरंही मोघम येतात.

काल दिवसभर मोबाइलवर वाचत बसलो. संध्याकाळी शृंगारतळीला एका लॅबपर्यंत गेलो. एचआयव्हीची टेस्ट म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने वर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कोणाचे?" वडिलांची शुगर बघायचीय, त्यांना घेऊन उद्या येतो, असं सांगून निघालो.

आज चिपळूणला जाऊन टेस्ट केली आणि निगेटिव्ह आली, तर सुटलो का? गोळ्यांचा कोर्स असतो म्हणे, तो कोण देतं? आज रविवार. गुहागरच्या ग्रामीण रुग्णालयात आमच्याच वाडीतल्या दोघी कामाला आहेत, त्यामुळे तिथे पाऊल पडत नाहीये.

कोकमकढी | १०.५२

घाबरू नका हो. सरळ टेस्ट करा, निगेटिव्ह आली की विषय संपला. माझ्या चुलतभावाने तिसऱ्या दिवशी केली होती, निगेटिव्ह आली, आज मजेत आहे.

डॉ_खाडीपट्टा | ११.०५

कोकमकढी, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला माणसाला गोत्यात आणणारा आहे. चुलतभाऊ ठीक आहे तो त्या टेस्टमुळे नव्हे.

आजची टेस्ट शुक्रवारच्या रात्रीबद्दल काहीच सांगू शकत नाही. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी भात उगवलं का बघायला जाण्यातला प्रकार आहे तो. बोटातून थेंब घेऊन करतात ती झटपट टेस्ट अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, शोधते, आणि त्या पुरेशा तयार व्हायला तीन महिन्यांपर्यंत मुदत धरतात. प्रयोगशाळेत शिरेतून रक्त घेऊन करतात ती चौथ्या पिढीची टेस्ट अँटिजेनही, म्हणजे विषाणूचा स्वतःचा अंशही, पकडते, तिच्यावर ४५ दिवसांनी विसंबता येतं. विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी एनएटी सर्वांत लवकर बोलते, पण पहिले दहा दिवस तीही मुकीच.

तुमचा प्रश्न आधी टेस्ट की आधी गोळी असा आहे. गोळीचा निर्णय आधी. टेस्टचं रक्त त्याच खेपेला द्या, पण रिपोर्टसाठी पहिली गोळी अडवून धरू नका.

या उपचाराला पीईपी म्हणतात, बोलताना लोक 'पेप'. आपल्याकडे आता बहुतेक वेळा एकाच गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्युडिन ३०० मिग्रॅ, डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ. रोज एक, २८ दिवस. ७२ तास उलटल्यावर सुरू करत नाहीत. पण सोमवारी रात्री अकरापर्यंत वेळ आहे म्हणून उद्या जेवून निघतो, असं करू नका. पहिल्या दोन तासांत घेतलेली गोळी सगळ्यात चांगली, तिथून पुढे फायदा घटत जातो. विषाणू आधी आतल्या अस्तरातल्या पेशींत आणि जवळच्या गाठींत वाढतो, मग रक्तात पसरतो. त्याचं बस्तान बसायच्या आत औषधाने त्याची वाढ रोखायची असते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मी तुम्हाला तपासत असतो तर गोळी आज सुरू केली असती. पण मी तुम्हाला तपासत नाहीये, म्हणून आता उठा आणि निघा.

सत्यकथन | ११.२०

मुळात असले प्रकार करायचे आणि मग संकेतस्थळावर येऊन सल्ले मागायचे. परशुरामभूमीत हे काय चाललंय? आईवडिलांचा तरी विचार...

रापण | ११.२३

सत्यकथन, घड्याळ चालू आहे. कीर्तन मंगळवारी ठेवा, आम्ही सतरंज्या घालायला येऊ.

गावकार_मालवणी | ११.३१

मेल्या, भिया नको. आधी डागतराक गाठ, मगे काय तां बोल. 'तुम्ही कोणाचे' इचारलो तर सांग, माझ्या आवशीचो.

वैद्यबुवा | ११.३४

गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ चालू करा, प्रतिकारशक्ती वाढते. अनुभवाचे बोल.

डॉ_खाडीपट्टा | ११.३६

काढ्याने हा विषाणू थांबत नाही. गोळीऐवजी काढा नको, आणि गोळीसोबत घेणार असाल तर डॉक्टरांना सांगून.

अबोलीची_वेणी | ११.५८

मी आयसीटीसीत समुपदेशक होते, आता निवृत्त आहे. कुठल्या तालुक्यात ते नाही सांगत, नाहीतर इथेही 'तुम्ही कोणाच्या' सुरू होईल.

धागाकर्ते, तुम्ही निघाला असालच. एसटीत वाचा.

पहिलं, कुठे जायचं. आयसीटीसी म्हणजे सरकारी सल्ला आणि चाचणी केंद्र. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत ते असतं, टेस्ट फुकट होते. पण आज रविवार, खोलीला कुलूप असेल. ते बघून परत फिरू नका. रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो, तिथे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारा. एआरटी केंद्र, म्हणजे जिथे ही औषधं कायम असतात ते, तुमच्या जिल्ह्यात रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात आहे. सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रायगडवाल्यांना अलिबाग.

आता कडू गोळी आधीच देते. सरकारी कार्यक्रमातली पेप मुख्यतः दोघांसाठी असते: सुई टोचलेले आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्ती. राजीखुशीच्या संबंधानंतर ती फुकट मिळेलच असं धरून चालू नका. विचारा जरूर, काही डॉक्टर वाट काढून देतात. नाही म्हणाले तर वाद घालत संध्याकाळ करू नका, तडक खाजगी एमडी फिजिशियनकडे जा. चिठ्ठीवर हे औषध दुकानातून विकत घेता येतं.

मात्र आपल्याकडच्या मेडिकलमध्ये ते रॅकवर पडलेलं नसतं. मागवावं लागतं, आणि ते बऱ्याचदा कोल्हापूरहून येतं. म्हणून चिपळूणला पोचायच्या आधीच दोन-तीन मोठ्या दुकानांना फोन करा. 'एचआयव्हीची गोळी आहे का' असं विचारलंत तर समोरचा बिचकतो. 'टेनोफोविर, लॅमिव्युडिन, डोल्युटेग्राविर एकत्र, तीस गोळ्यांची बाटली आहे का' असं घडाघडा विचारा. त्याला वाटेल तुम्ही कुठल्या तरी हॉस्पिटलातून बोलताय. नावही विचारणार नाही.

दुसरं, घ्यायची की नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक जिथे काहीच धोका नाही अशा गोष्टीने गलितगात्र होऊन येत. चुंबन घेतलं, एका ताटात जेवलो, लॉजचा टॉवेल वापरला, डास चावला. यात पेप लागत नाही. उलट खरा धोका घेतलेला माणूस 'एकदाच तर झालं' म्हणून घरी बसलेला असे. आकडे असे आहेत: बाधित आणि उपचार न घेणाऱ्या जोडीदाराबरोबर कंडोमशिवाय गुदसंभोग झाला, तर घेणाऱ्या बाजूला दर १०,००० वेळांमागे साधारण १३८ लागणी, करणाऱ्या बाजूला ११. योनीसंबंधात बाईला ८, पुरुषाला ४. दूषित सुई टोचली तर २३. तोंडाने केलेल्या संबंधात फारच कमी. जखम, अल्सर, दुसरा गुप्तरोग असेल किंवा समोरच्याला लागण नुकतीच झाली असेल तर हे आकडे वर चढतात. १३८ म्हणजे शंभरात दीडसुद्धा नाही, तेव्हा गळून जाऊ नका. पण या यादीत शारीरिक संबंधांतला सगळ्यात वरचा आकडा तोच आहे, तेव्हा सोडूनही देऊ नका.

आणि गोळीने होतं काय, असं कोणी विचारेल. सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. नुसती झिडोव्ह्युडिन घेणाऱ्यांत लागणीची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी दिसली. एकच औषध, तेही त्या काळातलं. आता तीन असतात.

तिसरं, लोक काय म्हणतील. हे मी हसण्यावारी नेणार नाही, मी त्याच खुर्चीत बसलेय. चिपळूणचा माणूस तपासायला रत्नागिरीला जातो, रत्नागिरीचा ओरोसला, ओरोसचा गोव्याला, आणि सगळे महामार्गावर एकमेकांच्या एसटीला हात करतात. लांब जायला ना नाही. नंतरच्या टेस्टसाठी हवं तर लांब जा. पहिल्या गोळीसाठी मात्र जवळात जवळ जिथे मिळेल तिथे जा. कायदा तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, तुमचा रिपोर्ट कोणाला सांगता येत नाही, आणि या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. केंद्रावर एक क्रमांक मिळतो आणि रक्ताच्या नळीवर तोच जातो. बाकी कायद्याने वाडीतल्या जिभा बंद होत नाहीत हे मलाही कळतं.

अडलात तर १०९७ लावा. नाकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची हेल्पलाइन आहे, फोन फुकट.

भरतीओहोटी | दुपारी १२.१०

मावशी, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकलाय. एक विचारते: अत्याचाराच्या केसमध्ये आधी पोलिसात जायला लागतं का?

अबोलीची_वेणी | १२.१८

नाही. आधी रुग्णालय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं की सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने ताबडतोब आणि फुकट उपचार द्यायचे. पोलिसांना कळवायचं काम रुग्णालयाचं. पेप, गर्भ राहू नये म्हणून गोळी, बाकी गुप्तरोगांची औषधं, हे सगळं त्याच भेटीत मागायचं. गर्भनिरोधक गोळीसुद्धा जितकी लवकर तितकी बरी.

नवीन_आयडी_आहे | संध्याकाळी ५.२०

चिपळूणात आहे. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आधी टेस्ट, पॉझिटिव्ह आली तर बघू." मी डॉ_खाडीपट्टांचा प्रतिसाद मोबाइलवर पुढे केला, तर म्हणाले इंटरनेटवरून औषध देत नाही. वाद घातला नाही. दुसऱ्या फिजिशियनच्या घरी बेल वाजवली, रविवार असूनही त्यांनी ओटीवरच बसवून घेतलं. तीन प्रश्न: कधी, काय झालं, किडनीचा काही त्रास आहे का. चिठ्ठी दिली. रक्त एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये देऊन आलो: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, किडनीसाठी क्रिएटिनिन, सिफिलिससाठी व्हीडीआरएल.

आता औषध. दोन दुकानांत नाही. तिसरा म्हणतो उद्या दुपारच्या गाडीने कोल्हापूरहून येईल. उद्या दुपार म्हणजे ६० तासांच्या पुढे.

डॉ_खाडीपट्टा | ५.२६

चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनाच परत फोन करा. कुठल्या हॉस्पिटलच्या आतल्या मेडिकलमध्ये साठा असतो ते त्यांना माहीत असतं. सुई टोचली तर द्यायला म्हणून मोठी हॉस्पिटलं दोन-चार डोस ठेवतात. त्यातले दोन दिवसांचे मिळाले तरी काम झालं, बाटली उद्या येऊ दे.

रापण | ५.४०

रत्नागिरीत लागणार असेल तर सांगा. माझा भाऊ आज रात्री पिकअप घेऊन मिरकरवाड्याहून वर निघतोय, बर्फाच्या पेट्यांत डबा ठेवून आणेल. का-कशाला विचारणार नाही, त्याला फक्त डिझेलची चौकशी असते.

नवीन_आयडी_आहे | रात्री ८.२५

मिळाली. डॉक्टरांनी फोन केला, एका हॉस्पिटलच्या मेडिकलमधून तीन गोळ्या सुट्या दिल्या. आठ वाजून दहा मिनिटांनी, चिपळूण स्टँडवर, उसाच्या रसाच्या गाड्यासमोर पाण्याच्या बाटलीबरोबर पहिली घेतली. बाटली उद्या. रापण, भावाला थँक्यू सांगा, त्याचा हेलपाटा वाचला.

एचआयव्ही आणि बी निगेटिव्ह. आजच्या निगेटिव्हचा अर्थ काय तो आता कळलाय.

डॉ_खाडीपट्टा | ८.५०

उत्तम. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह आलंय तर त्याची लसही सुरू करून घ्या, झालेली नसेल तर. बी पॉझिटिव्ह असता तर वेगळी काळजी होती: टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन बी वरही चालतात, आणि अशा माणसाने २८ दिवसांनी ती अचानक बंद केली की लिव्हर बिघडू शकतं. म्हणून ती टेस्ट सांगतात.

रोज एकाच वेळेला घ्या. जेवणाआधी-नंतर कसंही. अ‍ॅसिडिटीची चघळायची गोळी किंवा पातळ औषध घेत असाल तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच, फक्त त्या भरल्या पोटी पेपच्या गोळीबरोबर घेतल्या तर चालतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा टीबीची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगायचं, डोस बदलावे लागतात.

तोवर कंडोम, आणि रक्तदान नाही.

कोकमकढी | ९.०५

सकाळचा प्रतिसाद मागे घेतो. रक्तदानावरून आठवलं, आमच्या मंडळाच्या शिबिरात दोघं-तिघं हळूच 'बाटली तपासून येते ना?' विचारत होते. ते फुकटात टेस्ट करून घेत होते की काय!

अबोलीची_वेणी | ९.१४

अगदी तेच करत होते. आणि हे फार वाईट. मुदतीच्या आतलं रक्त टेस्टमधून निसटू शकतं आणि कुठल्या तरी बाळंतिणीला चढतं. आयसीटीसीत टेस्ट फुकटच आहे की, मग शिबिरात कशाला? तुमच्या मंडळाने पुढच्या वेळी फलकावर एवढी एक ओळ लिहावी.

नवीन_आयडी_आहे | गुरुवार, रात्री ११.०२

दोन दिवस मळमळ, डोकं जड, झोपेत चित्रविचित्र स्वप्नं. आता कमी आहे. आईला पित्त झालंय सांगितलं तर रोज आमसुलाचं सार पुढ्यात येतंय.

नवा पेच. 'त्याला' सांगितलं. आधी भडकला, मग काल रत्नागिरीला जाऊन टेस्ट करून आला. झटपट टेस्ट, निगेटिव्ह. आता म्हणतो तू उगाच गोळ्या खातोस, बंद कर. बंद करू?

कोकमकढी | ११.१०

मी आता काही बोलत नाही.

डॉ_खाडीपट्टा | ११.४१

त्याने जाऊन टेस्ट केली हे चांगलं केलं, आधी तेवढं त्याला सांगा. समोरचा खात्रीने निगेटिव्ह असेल तर पेप बंद करता येते, हे खरं. पण 'खात्रीने' या शब्दावर सगळं अडलंय. गेल्या तीन महिन्यांत त्याचा आणखी कोणाशी कंडोमशिवाय संबंध आला होता का? आला असेल तर त्याची कालची निगेटिव्ह तुमच्या रविवारच्या निगेटिव्हइतकीच कच्ची. नुकती लागण झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणू भरमसाट असतो, आणि टेस्ट तेव्हाच गप्प असते.

नवीन_आयडी_आहे | ११.५५

विचारलं. उत्तर यायला वेळ लागला. मग "गणपतीत एकदा, मुंबईत" असं आलं.

डॉ_खाडीपट्टा | शुक्रवार, सकाळी ६.३०

मग २८ पूर्ण करा. आणि त्यालाही ४५ दिवसांचा हिशोब धरून चौथ्या पिढीची टेस्ट परत करायला सांगा.

तेरेखोलपल्याड | ७.१५

इतके दिवस नुसती वाचत होते. माझा नवरा पॉझिटिव्ह आहे, लग्नाआधीपासून, आणि मला ते ठाऊक होतं. त्याची एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, वर्षानुवर्षं चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) मोजमापाच्या खाली. अशा माणसाकडून शारीरिक संबंधातून लागण होत नाही. हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय, नुसती दिलाशाची गोष्ट नाही. मी निगेटिव्ह, आमची मुलगी निगेटिव्ह. त्याला दर महिन्याला औषध सरकारातून फुकट मिळतं. देशात ही योजना २००४ च्या एप्रिलपासून आहे आणि २०१७ पासून तर सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती ते न बघता पॉझिटिव्ह आला की लगेच औषध सुरू करतात.

वर 'बाधित' वाचलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अंथरुणाला खिळलेला माणूस येतो. माझा नवरा आत्ता खळ्यात नारळ सोलतोय आणि मला चहा का नाही टाकला म्हणून ओरडतोय.

सत्यकथन | ७.४०

हे मला माहीत नव्हतं.

तांडेलाची_बायको | ९.२०

हा आयडीही नवीन आहे. विचारायला लाज वाटते. नवरा ट्रॉलरवर. पावसाळ्यात बंदी असते तेव्हा दोन महिने घरी, एरवी आज इथे तर उद्या वेरावळकडे. त्याच्यावर माझा संशय आहे असं नाही, पण खात्रीही नाही. कंडोमचा विषय काढला तर तो म्हणेल तूच काहीतरी केलंस. मला ही ७२ तासांची गोळी लागेल का?

अबोलीची_वेणी | ९.४८

लाज कसली गं. तुझ्यासारख्या कितीतरी जणी माझ्यासमोर बसून गेल्यात, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

पेप ही एका ठराविक प्रसंगानंतरची गोष्ट. तारीख आणि वेळ सांगता येते तेव्हा. तुझं तसं नाही, म्हणून तुला आधी टेस्ट. आयसीटीसीत जा, 'अंगात कणकण असते, तपासायचंय' एवढं म्हटलंस तरी पुरे, आत गेल्यावर समुपदेशकाला खरं सांग. नवऱ्याला विचारल्याशिवाय करता येते, सहीसुद्धा तुझीच. सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी पण त्याच वेळी बघून घे. दिवस राहिले असतील किंवा राहायचे असतील तर गरोदरपणात ही टेस्ट सगळ्यांचीच करतात, तेव्हा कोणाला वेगळं वाटतही नाही.

नवऱ्याशी बोलण्याचं: माझ्या अनुभवात 'तू काय केलंस' याने दार बंद होतं. 'बंदरावर सगळ्यांची तपासणी झाली म्हणे, आपणही दोघं करू' याने उघडतं. खोटं आहे थोडं, पण चालतंय. आणि नेहमीच धोका राहणार असेल तर लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी असते, प्रेप. त्यात टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन. ती निगेटिव्ह माणसानेच आणि टेस्ट करूनच घ्यायची. खाजगी डॉक्टरांकडे चौकशी कर.

डॉ_खाडीपट्टा | ९.५५

धागाकर्त्यांनाही तेच. असे प्रसंग पुढेही येण्यासारखे असतील तर २८ वी गोळी झाल्यावर मध्ये खंड न पाडता प्रेपवर जाता येतं. दर वेळी ७२ तासांची धावाधाव करण्यापेक्षा ते बरं.

नवीन_आयडी_आहे | बऱ्याच दिवसांनी, मंगळवार, दुपारी १.१५

कोर्स पूर्ण. एकदा रात्रीची गोळी विसरलो होतो, सकाळी आठवल्यावर लगेच घेतली. डॉक्टर म्हणाले चालतं, दोन एकदम घेऊ नका. बाटलीतल्या तीस आणि त्या सुट्या तीन धरून पाच उरल्यात, त्या फेकाव्यात की ठेवाव्यात?

सहा आठवड्यांची टेस्ट निगेटिव्ह. पुढची तारीख कशी मोजायची? शुक्रवारपासून की शेवटच्या गोळीपासून? लॅबवाला म्हणतो शुक्रवारपासून.

डॉ_खाडीपट्टा | १.५०

सहा आठवड्यांची टेस्ट करायचीच असते, चांगलं झालं. पण पेप घेतली असेल तर चौथ्या पिढीच्या टेस्टचे ४५ दिवस शेवटच्या गोळीपासून मोजा, कारण औषधाने अँटिबॉडी उशिरा दिसू शकतात. आयसीटीसीच्या झटपट टेस्टवर विसंबणार असाल तर तीन महिने, तेही मी शेवटच्या गोळीपासूनच धरेन.

मधे ताप, पुरळ, घसा आला तर ताबडतोब दाखवा, पण पुरळ आला म्हणजे एचआयव्ही आणि नाही आला म्हणजे नाही, असं काही नसतं. निदान टेस्टवरच.

उरलेल्या गोळ्या कोणाला देऊ नका. 'दोन दिवस घे, बास होईल' म्हणून मित्राला देण्यातून फार घोळ होतात. डॉक्टरांकडे परत द्या.

पाटाचं_पाणी | ४.०५

हा सगळा धागा आज वाचला. माझं गेल्या बुधवारी झालं. आज मंगळवार. म्हणजे माझं संपलं का?

अबोलीची_वेणी | ४.११

पेपची वेळ गेली, बाकी काही संपलेलं नाही. एका प्रसंगात लागण न होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त, वरचे आकडे पुन्हा बघा. आज-उद्या एक टेस्ट करून ठेवा म्हणजे आधीची स्थिती कळेल. मग ४५ दिवसांनी चौथ्या पिढीची, किंवा तीन महिन्यांनी आयसीटीसीत. बाई असाल आणि पाळी चुकली तर ती टेस्ट वेगळी. आणि लागण निघालीच तर औषध लगेच आणि फुकट सुरू होतं, तेरेखोलपल्याड यांनी लिहिलंय तसं.

कोणता तालुका तेवढं लिहा. तिथली आयसीटीसी कुठल्या इमारतीत ते सांगते.

पाटाचं_पाणी | ४.१९

देवगड.

गावकार_मालवणी | ४.२०

मावशी, हेका मी सांगतंय. निरोप धाड रे माका, इकडे लिहू नको.